सगळे देवमाणूस म्हणतात, विचारत मात्र कुणी नाही

पत्र लिहिणारे गृहस्थ ४३ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. पत्र चार पानी आहे. ओळख पटेल असा मजकूर गाळून त्याचं सार देते.

शाळेतलं सगळं ऑनलाइन काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच येतं. संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक मंजूर होतात ते ठरण्याच्या, आधी मुलांचं आधार व्हॅलिडेशन (आधार क्रमांकांची ऑनलाइन पडताळणी) करायचं असलं की बाकीचे शिक्षक आपापल्या वर्गाच्या झेरॉक्सचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवतात. "सर, तेवढं बघा ना, तुम्हाला पटकन येतं," म्हणतात आणि चहाला जातात. कुणी रजेवर गेलं की त्याचा वर्ग यांच्या वर्गात येऊन बसतो. शिक्षकांच्या पतसंस्थेत ते दोन सहकाऱ्यांना जामीन राहिले. पहिल्याचं कर्ज फिटलं. दुसरे आंतरजिल्हा बदलीने गेले, हप्ते थांबले, आणि गेल्या ऑगस्टपासून यांच्या पगारातून दरमहा ४,२०० रुपये कापले जातात. पत्नीला त्यांनी "कपात वाढली आहे" एवढंच सांगितलंय. आता तिसरे एक सहकारी घरासाठी आठ लाखांचं कर्ज काढत आहेत. त्यांनी अर्ज आणला तेव्हा जामीनदाराच्या रकान्यात यांचं नाव आधीच लिहिलेलं होतं. "तुम्ही काय नाही म्हणणार आहात थोडंच!" महिनाअखेरीपर्यंत सही हवी आहे.

एवढं करूनही सहल कुठे न्यायची, स्नेहसंमेलनाला पाहुणा कोण बोलवायचा, कुणाला कोणता वर्ग द्यायचा, यातलं काहीच यांना विचारलं जात नाही. मागच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीत, ते बोलायला उभे राहिले, तर नोकरीत बरेच कनिष्ठ असलेले एक शिक्षक म्हणाले, "सर, तुम्ही राहू द्या, तुम्हाला सगळंच चालतं." सगळे हसले. "लोक मला देवमाणूस म्हणतात. मग मान का देत नाहीत? चांगलं वागलो हीच चूक झाली का? आता कडक व्हावं म्हणतो," असं त्यांनी शेवटी लिहिलंय.

सर, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य त्या कनिष्ठ शिक्षकाचं आहे. चारचौघांत हसू झालं, ते तुम्हाला लागलं आणि लागणं रास्तच आहे. पण बोलणाऱ्याचा उर्मटपणा बाजूला काढला तर "तुम्हाला सगळंच चालतं" यात तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. ज्याला सहल वेरूळला नेलेली चालते आणि पैठणला नेलेलीही चालते, पहिलीचा वर्ग चालतो आणि चौथीचाही, त्याला विचारायचं राहूनच जातं. लोक दर वेळी मुद्दाम डावलतात असं नसतं. बैठक उरकायची घाई असते, आणि घाईत माणसं आधी त्यांना विचारतात जे नंतर अडून बसतील. तुम्ही अडून बसणार नाही हे सगळ्यांना पाठ झालंय. तुम्हाला काय हवं असतं, हे इतक्या वर्षांत एकदाही कुणाच्या कानावर आलेलं नाही.

तुमच्या होकाराचंही तेच झालंय. अर्जावर नाव आधीच लिहिलेलं होतं, हे वाचताना मी थांबले. त्या सहकाऱ्यांच्या मनात तुमच्याबद्दल आकस आहे असं तुम्ही कुठे म्हटलेलं नाही, उलट माणूस भला आहे असंच लिहिलंय. आणि तरीही आठ लाखांच्या कर्जासाठी तुम्हाला विनंती करावी असं त्या भल्या माणसाला वाटलं नाही. नकार येऊ शकतो अशी थोडी तरी धाकधूक असेल तरच माणूस विनंती करतो, आणि मग मिळालेल्या होकाराची त्याला किंमत असते. ती धाकधूक तुम्ही कुणाच्या मनात शिल्लकच ठेवलेली नाही.

म्हणून "चांगलं वागलो म्हणून मान गेला" हे तुमचं निदान मला पटत नाही. न पटण्याचं कारणही तुमच्याच पत्रात आहे, तिसऱ्या पानावर दोन ओळींत. ऊसतोडीला जाणाऱ्या एका कुटुंबातली मुलगी दर वर्षी दिवाळीनंतर शाळेतून नाहीशी व्हायची. तिला गावातच ठेवावं म्हणून तुम्ही तिच्या आजीला पुन्हा पुन्हा जाऊन भेटलात, हंगामी वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव घातलंत, फडावर असलेल्या वडिलांशी फोनवर बोललात. ती आता हायस्कूलला आहे आणि तिचे वडील तुम्हाला रस्त्यात पाहिलं की गाडीवरून खाली उतरतात. हाही चांगुलपणाच होता ना? त्याने तुमचा मान गेला नाही.

तिच्यासाठी तुम्ही गेलात कारण तुम्हाला जावंसं वाटलं. गेला नसतात तर कुणी जाब विचारणार नव्हतं. झेरॉक्सचा गठ्ठा मात्र तुम्ही उचललात कारण "तुमच्या वर्गाचं तुम्हीच करा" हे तोंडातून निघेना. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून तुम्ही स्वतःही दोन्ही एकाच खात्यात टाकत आलात.

आता जरा नाजूक बोलते. पत्राची पहिली दोन पानं ही यादी आहे. कुणाला लग्नाला गाडी दिली आणि पेट्रोलही तुम्हीच टाकलं. कुणाचा वर्ग बाळंतपणाच्या रजेत किती महिने सांभाळला. कोण कोणत्या रविवारी लॅपटॉप घेऊन घरी येऊन बसलं आणि तुमच्या मुलीचा वाढदिवस तसाच राहिला. तारखासुद्धा आहेत. यात मी तुम्हाला दोष देत नाही. इतकी वर्षं कुणाजवळ बोलला नाहीत, ते साठणारच. पण त्या मुलीच्या आजीकडे किती हेलपाटे घातलेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, तुम्हाला आठवतही नसेल. मनापासून केलं त्याचा हिशेब तुमच्याकडे नाही, भिडेपोटी केलं त्याचा अगदी दिवसवार आहे. यापुढे कुणी काही मागितलं तर एवढंच स्वतःला विचारून बघा: हे केलं तर ते माझ्या यादीत जाईल का? जाणार असेल, तर तुम्ही मदत करत नाही, उधारी देताय, आणि ती उधारी आहे हे समोरच्याला माहीतसुद्धा नाही. तो ती कधीच फेडणार नाही, आणि तुम्ही मनातल्या मनात त्याच्यावर रागावत राहाल.

एके ठिकाणी तुम्ही लिहिलंय, "उगाच वाईटपणा कशाला घ्यायचा?" सर, वाईटपणा टळत नाही, तो दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला जातो. गेल्या ऑगस्टपासून तो तुमच्या घराच्या वाट्याला गेलाय. ते ४,२०० रुपये तुमच्या एकट्याचे नाहीत. मुलीच्या क्लासची फी, आईची औषधं, गावाकडच्या घराची डागडुजी, हे सगळं त्यातूनच होतं, हे तुम्हीच सांगितलंय. इथे मी तुमची बाजू घेऊ शकत नाही. सहकाऱ्याला नाही म्हणणं जड गेलं, म्हणून जिला आधी विचारायला हवं होतं तिलाच अंधारात ठेवलंत. भीड ही भिकेची बहीण असं आपल्याकडे म्हणतात. ती भीक बहुतेक वेळा भिडस्त माणसाच्या घरच्यांना सोसावी लागते, आणि त्यांना तर कुणी देवमाणूसही म्हणत नाही.

कडक होण्याचा विचार मात्र सोडून द्या. तुमच्या शाळेतल्या ज्या कडक सरांचं उदाहरण तुम्ही दिलंय, त्यांच्या वाटेला कुणी जात नाही हे खरं. पण अडचणीत त्यांच्याकडे कुणी जातं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या अभ्यासकांनी, विद्यार्थिदशेत स्वभावचाचणी दिलेल्या लोकांची साधारण १४ वर्षांनंतर नोकरीत काय स्थिती आहे ते तपासलं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार भांडखोर, स्वार्थी, दुसऱ्याला वापरून घेणारी माणसं इतरांपेक्षा वरच्या अधिकारावर पोहोचलेली नव्हती. दरारा दाखवून जे मिळायचं ते माणसं दुरावल्यामुळे निघून जायचं. मिळतंजुळतं घेणाऱ्या पुरुषांना पगार कमी मिळतो असं २०१२ सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं, तेही सांगायला हवं. पण तुमचा पगार वेतन आयोगानुसार ठरतो आणि तुमचा प्रश्न मानाचा आहे. शिवाय मला एक भीतीही वाटते. वर्षानुवर्षं गप्प राहिलेला माणूस ठरवून कडक होतो तेव्हा त्याचा पहिला तडाखा त्याच्याहून दुबळ्या माणसाला बसतो. तुमच्या बाबतीत तो वर्गातल्या मुलांना बसेल, नाहीतर पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना.

आता त्या सहीबद्दल. सही करू नका.

जामीन म्हणजे 'नावापुरती सही' असं पतसंस्थेच्या काउंटरवर सर्रास बोललं जातं. भारतीय करार कायद्याचं (१८७२) कलम १२८ वेगळं सांगतं: करारात निराळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसुलीचे सगळे प्रयत्न करा आणि मग माझ्याकडे या, असं जामीनदाराला साधारणपणे म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच ते स्पष्ट केलंय. पगारातून कपात करायची संमतीही बहुतेक वेळा त्याच कागदांच्या गठ्ठ्यात आपण न वाचता दिलेली असते. आणि कर्ज एकदा उचललं गेलं की "आता मला यातून मोकळं करा" म्हणून भागत नाही. तेव्हा आठ लाखांना जामीन राहायचं की नाही, याचा विचार मी स्वतः आठ लाखांचं कर्ज काढेन का, असाच करायचा असतो.

नाही म्हणायचं ते स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत नको आणि मोबाइलवर मेसेज टाकूनही नको. त्यांना एकटं गाठा आणि सांगा: "सर, घराचं काम चांगलं होऊ दे. पण मी जामीन राहणार नाही. एका कर्जाचे पैसे माझ्या पगारातून जातायत, आणि यापुढे कुणालाच जामीन राहायचं नाही असं मी ठरवलंय. अर्जावरचं माझं नाव काढा." मग थांबा. ते म्हणतील, "अहो, माझं तसं होणार नाही." त्यावर, "तुमच्याबद्दल शंका नाही, मी कुणालाच राहत नाही," एवढं पुरे. ते गप्प झाले की तुम्हाला काहीतरी बोलावंसं वाटेल, आणि तिथेच तुमचं "बरं, बघू" निसटेल. ती शांतता त्यांची आहे, ती भरून काढायची जबाबदारी तुमच्यावर नाही.

बहाणा अजिबात सांगू नका. "माझी जामीन राहायची मर्यादा संपली असेल बहुतेक," म्हणालात तर दुसऱ्या दिवशी ते संस्थेत जाऊन येतील आणि "बसतंय सर, विचारून आलो," म्हणत उभे राहतील. बहाणा सांगितला की समोरचा तो सोडवूनच आणतो, आणि मग नकाराला जागाच उरत नाही. "मिसेसचा विरोध आहे," हे तर चुकूनही नको. ज्या बाईला काही माहीतच नाही, तिला शाळेत खलनायिका करायचं?

चालू असलेल्या कपातीचंही काही करता येतं. संस्थेकडे लेखी अर्ज देऊन त्या कर्जखात्याचा उतारा मागा. किती बाकी आहे, व्याज काय लागतंय, तुमच्याकडून आलेले पैसे बरोबर जमा झालेत का, ते बघा. दुसरा जामीनदार कोण आहे आणि त्याच्याकडून किती वसूल होतंय, ते विचारा. करार कायद्याच्याच कलम १४६ प्रमाणे सहजामीनदारांनी, उलट करार नसेल तर, न फिटलेला बोजा सारखा वाटून घ्यायचा असतो. सगळी कपात एकट्या तुमच्याकडूनच चालली असेल तर त्याचं कारण कदाचित तुम्ही एकदाही तोंड उघडलेलं नाही, हेच असेल. बदलून गेलेल्या सहकाऱ्यांना आता कोणत्या जिल्हा परिषदेतून पगार मिळतो ते तुम्हाला माहीत आहे, ते संस्थेला लेखी कळवा. तुम्ही भरलेली रक्कम त्यांच्याकडून परत मागायचा हक्क तुम्हाला कलम १४५ ने दिलाय. आधी त्यांच्याशी फोनवर बोला, मग पोच मिळेल असं पत्र पाठवा, आणि ऑगस्टपासूनची प्रत्येक पगारचिठ्ठी जपून ठेवा. भरलेल्या पैशांसाठी दावा करायला भरल्यापासून ३ वर्षांची मुदत असते, म्हणून "जाऊ दे, देतील कधीतरी" म्हणत बसू नका. एकदा वकिलाला कागद दाखवून घ्या. आपले पैसे मागताना तुमचा आवाज बारीक होईल, तरी मागा.

ऑनलाइन कामाचं सोपं वाटतं, पण मला तेच अवघड दिसतं, कारण तिथे नकार एकदा देऊन भागत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकांची कामं सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकांना देता येत नाहीत. त्यावर बोट ठेवून तुमच्या संघटना ऑनलाइन कामांच्या ओझ्याविरुद्ध निवेदनं देतात. तुमच्या शाळेत मात्र ते ओझं सगळ्यांनी मिळून एका माणसाच्या डोक्यावर ठेवलंय. पुढच्या बैठकीत मुख्याध्यापकांकडे लेखी कामवाटप मागा. "एका दुपारी बसून सगळ्यांना शिकवतो, नंतर ज्याचा वर्ग त्याने भरायचा," असं सांगा आणि खरंच नीट शिकवा. मग एखादं काम अडेल. मुदत जवळ येईल, केंद्रप्रमुखांचा फोन मुख्याध्यापकांना जाईल, आणि तुम्हाला रात्री झोप लागणार नाही, कारण तुम्ही ते अर्ध्या तासात करू शकता. तेव्हाच लॅपटॉप उघडायचा नाही. फक्त ज्या नोंदीवर एखाद्या मुलाची शिष्यवृत्ती अडलेली असेल ती मागे ठेवू नका. तिथे मोठ्यांच्या भांडणात मूल भरडलं जातं. आणि त्याच बैठकीत पुढच्या जूनमध्ये तुम्हाला कोणता वर्ग हवाय तेही बोला. मिळेल न मिळेल. तुम्हाला काही हवं असतं, हे एकदा ऐकू जाऊ दे.

याची किंमत पडेल. "सर हल्ली बदलले," हे ऐकू येईल. चहाला बोलावणं कमी होईल. मऊ लागलं म्हणून कोपराने खणणारे जे असतील ते दूर जातील, आणि त्यांतले एकदोघं तुम्हाला जवळचे वाटत आले असतील, त्याचं वाईट वाटेल. बाकीच्यांना सवय व्हायला वेळ लागेल. या काळात एखाद्याला खरंच गरज असेल तर मदत जरूर करा. ठरवलंय म्हणून प्रत्येकाला परतवून लावू नका. तुमच्यातला तो आजीकडे हेलपाटे घालणारा माणूस मला हवा आहे.

असंच पत्र मला आणखी काही वाचकांनी लिहिलंय, त्यांना एक सांगते. नाही म्हणायची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. या सरांसारखा कायम नोकरीतला शिक्षक नकार देऊ शकतो. कायम होण्याआधीच्या तीन वर्षांच्या शिक्षणसेवक काळात असलेल्या २४ वर्षांच्या मुलीला मी हेच धाडस करायला सांगणार नाही. तिने काम करावं, पण केलेल्या कामाची नोंद ठेवावी आणि मुख्याध्यापकांना ते बोलून दाखवावं. सासरी नवीन असलेल्या सुनेला एकदम नकार जड जात असेल तर "हे मी करते, ते तुम्ही बघाल का?" असं वाटून घेण्यापासून सुरुवात करता येते. सोसायटीचं सगळं काम अंगावर पडलेल्या निवृत्त गृहस्थांनी पुढच्या वार्षिक सभेत पद सोडतोय हे दोन महिने आधी सांगून टाकावं, म्हणजे "आता ऐन वेळी कोण करणार?" या प्रश्नाने त्यांना पुन्हा अडकवता येणार नाही.

सर, तुमच्यासाठी क्रम महत्त्वाचा आहे. आधी घरी बोला. ऑगस्टपासूनच्या पगारचिठ्ठ्या पत्नीसमोर ठेवा आणि दुसऱ्या कर्जाचं सगळं सांगा. त्या रागावतील, आणि तो राग तुम्हाला ऐकून घ्यावा लागेल. तिसऱ्या सहकाऱ्यांकडे त्यानंतर जा, पण महिनाअखेरीची वाट पाहू नका. त्यांनाही दुसरा जामीनदार शोधायला वेळ लागेल.